बावीस सह्यांचं घर

मार्च महिन्यातली गोष्ट. दुपारी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात दारावर टकटक झाली. पंचविशीचा एक मुलगा उभा होता. पाठीला सॅक, हातात टॅब, कपाळावर घाम. हिंदीत विचारलं, "अंकल, ये पोर्तुगीज हाउस बिकाऊ है क्या?" मी म्हटलं, विकाऊ आहे की नाही ते मला ठाऊक नाही, मी भाडेकरू आहे, पण पोर्तुगीज नाही एवढं नक्की. त्याने वरच्या गॅलरीच्या बिडाच्या कठड्याकडे पाहिलं, मग पिवळ्या भिंतीकडे, मग माझ्या बनियनकडे. "लेकिन लुक तो पोर्तुगीज है," म्हणाला आणि पुढच्या दाराकडे गेला.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला कंपनीने जो शब्द दिला तो त्याने वापरला. पण तो शब्द डोक्यातून जाईना. कारण त्याच्या उलट टोकाला उभी असलेली माणसंही हाच शब्द वापरतात. २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी पोर्तुगीजांच्या खुणा पुसून टाकण्याची भाषा जाहीर कार्यक्रमात केली, तेव्हा आमच्या 'मळा' भागातल्या नाक्यावर दोन दिवस तीच चर्चा होती. एकाला खुणा विकायच्या आहेत, दुसऱ्याला पुसायच्या आहेत. खुणा पोर्तुगीजांच्या, यावर मात्र दोघांचं एकमत. माझं म्हणणं असं की दोघेही चुकतात, आणि त्यांच्या ह्या एकाच चुकीपायी पणजीच्या फोंताइन्हास वाड्यातली घरं एकेक करून खाली बसत चालली आहेत.

आल्तिन्होची टेकडी आणि उरेची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हा वाडा आहे. टेकडीच्या पायथ्याशी फोंत फेनिक्स नावाची झर आहे, तिच्यावरून फोंताइन्हास, म्हणजे छोटी कारंजी, हे नाव पडलं. दक्षिणेकडे तोच वाडा मळा होतो, आणि वर मारुतीचं देऊळ दिसू लागतं. नकाशात मध्ये रेघ नाही, बोलण्यात आहे. जत्रेला पताका लागतात ती बाजू मळा, आणि नवऱ्यामुली लग्नाआधीचे फोटो काढायला येतात ती बाजू फोंताइन्हास, अशी हल्लीची सोपी व्याख्या. आम्ही बरोबर सांध्यावर राहतो.

ह्या जमिनीचे जुने मालक मोजायचे तर ताळगावच्या गावकारांपासून, म्हणजे गावची जमीन सामायिक धरणाऱ्या मूळ घराण्यांपासून, सुरुवात करावी लागते. पणजी तेव्हा ताळगावचाच एक वाडा होती; खाजण, चिखल आणि माड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अंतोनियो जुआंव द सिक्वेरा ह्या गोमंतकीयाने इथं माडांची बागायत उभी केली. मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेला म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. (आपण खातो त्या मोसंबीचं नावही त्याच देशावरून आलं असं मानतात.) त्याच्यामागे बागायत चिंबलच्या कार्मेलाइट मठाकडे गेली. पुढे लिस्बनच्या उदारमतवादी राजवटीने मठसंस्थाच मोडीत काढल्या आणि जमीन सरकारजमा झाली. म्हणजे एकही घर उभं राहण्याआधी ह्या मातीला चार मालक झाले होते: गावकारी, आफ्रिकेहून परतलेला एक गोंयकार, मठ आणि सरकार. 'पोर्तुगीज' म्हणता येईल असा त्यातला एकच, आणि तो शेवटचा.

घरं आली ती राजधानीच्या मागोमाग. जुनं गोवें रोगराईने ओस पडत गेलं, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात बिऱ्हाड थाटलं, दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत, १८२६ ते १८३५ या काळात, दलदल बुजवून रस्ते आखले गेले आणि १८४३ मध्ये 'नोवा गोवा' म्हणून पणजीला राजधानीचा रीतसर दर्जा मिळाला. कचेऱ्या आल्या की कारकून येतात. १८४२ मध्ये मेडिकल स्कूल निघालं, १८५४ मध्ये लिसेंव, म्हणजे सरकारी हायस्कूल. सासष्टी-बार्देशातून शिकायला, नोकरीला, वकिलीला आलेल्या माणसांना राहायला जागा हवी होती. फोंताइन्हास ही त्यांची वस्ती: नोटरी, कचेरीतले लेखनिक, डॉक्टर, शिक्षक. बहुतेक गोमंतकीय ख्रिस्ती, पगारावर जगणारे. आजच्या भाषेत सांगायचं तर ती सरकारी नोकरांची कॉलनी होती. आपल्याकडे पुण्यात-मुंबईत मध्यमवर्गाच्या चाळी-वाडे जसे उभे राहिले, तसंच हे.

खरे पोर्तुगीज मुळीच नव्हते असं मी म्हणत नाही. पोर्तुगालहून आलेल्यांच्या इथंच जन्मलेल्या वंशजांना 'डिसेंडेंत' म्हणत. त्यांचीही घरं पणजीत होती, आणि १८७१ मध्ये गोव्याचं लष्कर बरखास्त झाल्यावर त्यांतल्या अनेकांचं चंबूगबाळं आवरलं. पण गोव्यात गोऱ्यांची संख्या कायमच मूठभर राहिली. मूठभर माणसं एवढ्या गल्ल्या भरू शकत नाहीत.

हिंदू मालकांचा विषय निघाला की आमचीच माणसं दचकतात. "तिथं आमचं काय?" असं मला एका साहित्य संमेलनाच्या चहापानाला एका गृहस्थांनी विचारलं होतं. पणजीत १८१८ मध्ये महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं ते कुणासाठी? जुन्या सचिवालयाजवळचं म्हामाय कामतांचं घर पाहा. ह्या घराण्याची दुकानदारी आणि दलाली अठराव्या शतकात मकाव ते मोझांबिकपर्यंत पसरली होती. त्यांच्या दप्तरातले हजारो कागद पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. पोर्तुगीज, फ्रेंच, मोडी मराठी, असं सगळं त्यात आहे. फ्रेंच व्यापाऱ्यांशी झालेल्या गुलामांच्या व्यवहाराच्या नोंदीही त्याच कागदांत सापडल्या. घराचे जुने मालक शोधायला गेलं की सगळंच मिरवण्याजोगं हाती लागत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता भिंतीकडे येऊ. आमच्या घरात खिळा ठोकला की लाल भुकटी पडते. भिंत दीड हात जाड, चिऱ्याची. चिरा म्हणजे जांभा. खाणीतून काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, वारा लागला की घट्ट होतो. त्यावर चुन्याचा गिलावा. वर सागाचे वासे आणि त्यावर कौलं. 'पोर्तुगीज घर' म्हणून ज्यांची छायाचित्रं निघतात ती लाल सपाट कौलं मंगळूरची, बाझल मिशनने तिथं १८६५ मध्ये कारखाना काढल्यानंतरची. त्याआधी इथल्या कुंभारांचे अर्धगोल नळे असत. जुन्या खिडक्यांना काचेच्या जागी लावलेले पातळ शिंपले खाडीतले. ते घासून, चौकोनी कापून, लाकडी पट्ट्यांत बसवायचं कसब इथल्या मेस्तांचं. रस्त्याच्या बाजूचा दर्शनी भाग, खिडक्यांवरच्या कमानी, बिडाचे कठडे, बसायचा बाल्काव, ही युरोपकडून घेतलेली भाषा खरी. पण तिचं व्याकरण पावसाचं आहे. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छपराची पडवी एवढी पुढे काढलेली. जमिनीची ओल वर चढते म्हणून राहायचं वरच्या मजल्यावर आणि तळमजल्याला लोज, म्हणजे नारळ, तांदूळ, जळण ठेवायची कोठारं. त्यातलीच दोन लोजं म्हणजे आमचं घर. मळ्याच्या बाजूला अशी घरं आहेत ज्यांचं तोंड पाहून तुम्ही "अहाहा, लिस्बन!" म्हणाल, आणि आत पाऊल टाकलंत की राजांगण, मध्ये तुळस, कडेला सोपे. तोंड एका देशाचं आणि पोट दुसऱ्या, असं हे नाही. ज्याने बांधलं त्याला दोन्ही हवं होतं.

रंगाची गोष्टही तशीच. पांढरा रंग फक्त चर्चला, बाकीच्यांनी दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचंच, असा पोर्तुगीज काळात दंडक होता असं सगळेच सांगतात. असेल. आमच्या जिन्याखाली एके ठिकाणी पोपडा निघालाय. तिथं सगळ्यात वर प्लास्टिक पेंटचा पिवळा, त्याखाली चुन्यात कालवलेली हिरमंजी, तिच्याखाली निळीचा फिका निळा आणि पार आत पुन्हा पिवडी. बाहेरून येणारे अभ्यासू लोक विचारतात, घराचा मूळ रंग कोणता? मी तो पोपडा दाखवतो. प्रत्येक थर कुणाच्या तरी घरात लग्न निघालं म्हणून लागलेला आहे.

मूळ रंगाचा हा ध्यास आमच्या सगळ्या संवर्धनाच्या विचाराला लागलेला रोग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. संवर्धन क्षेत्रात घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी लागते, ते योग्यच. पण नियम पाहतो तो रस्त्यावरून दिसतं तेवढं. आमच्या शेजारच्या घराला नव्वदच्या सुमारास मागच्या बाजूने सिमेंटचा गिलावा केला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. दहा वर्षांत भिंत घामेजली, वाशांची टोकं कुजली. दर्शनी भाग मात्र सुंदर. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि मागे मी त्या घरातल्या म्हातारीला बादल्या मांडताना बघतो.

रस्त्याच्या नावांचंही असंच. 'रुआ ३१ द जानेइरू' ह्या फरशीसमोर गाइड पर्यटकांना सांगतात की ह्या दिवशी पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झालं. ते झालं १ डिसेंबर १६४० ला. ३१ जानेवारी म्हणजे १८९१ मध्ये पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध झालेला, फसलेला उठाव. पोर्तुगालमध्ये ह्याच नावाचे रस्ते त्याच्याच आठवणीचे आहेत. दुसरी थाप त्याहून मोठी: फोंताइन्हास १९८४ पासून युनेस्कोचं वारसास्थळ आहे. कुठल्याही यादीत ते नाही. युनेस्कोच्या यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स, १९८६ मध्ये. पण ही थाप हॉटेलांच्या माहितीपत्रकांपासून शाळेच्या प्रकल्पांपर्यंत सगळीकडे पोचलीय, आणि तिचा एक घातक परिणाम असा की सगळ्यांना वाटतं, कुणीतरी बडं लक्ष ठेवून आहे. कुणीही ठेवून नाही.

सेंट सेबॅस्तियनच्या कपेलात एक क्रूस आहे. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तो आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर आदिलशहाच्या वाड्यात आला, आणि १९१८ मध्ये इथं. एका लाकडी क्रूसाचे दोनशे वर्षांतले पत्ते आम्हाला तोंडपाठ आहेत. त्याच्यापासून चाळीस पावलांवरच्या घरात गेल्या शंभर वर्षांत कोण राहिलं, हे त्या गल्लीतल्या कुणालाही सलग सांगता येत नाही.

आमच्याच घराचं सांगतो. वडील १९६४ मध्ये डिचोलीहून सचिवालयात कारकून म्हणून लागले आणि ही दोन लोजं ४० रुपये भाड्याने मिळाली. वर मालकीणबाई राहायच्या. वडील त्यांना 'बाय' म्हणत, त्या वडिलांना 'बाब'. बाय विधवा, पियानो शिकवायच्या, पोर्तुगीज आणि कोंकणी सोडून तिसरी भाषा बोलायच्या नाहीत. मराठी मात्र समजायची, कारण आई स्वयंपाकघरात रेडिओ लावायची आणि बाय जिन्यात बसून नाट्यगीतं ऐकायच्या. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा आवाज यायचा, "बाब, नळे परतूंक जाय मरे!" कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची, हा दरवर्षीचा सोहळा. दोन माणसं वर, वडील शिडी धरून, आम्ही पोरं फुटकी कौलं मोजायला. खर्च बायचा. कधी हात आखडला तर वडील भाड्यात वळते करून घ्यायच्या बोलीवर द्यायचे. कागद कसला नाही, दोन्हीकडून हिशेब मात्र चोख.

बाय २००९ मध्ये गेल्या. त्यानंतर एकदाही नळे रीतसर परतले गेलेले नाहीत.

का, ते सांगायला थोडा कायदा सांगावा लागेल. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून लागू आहे. वारसाहक्काचा भाग २०१६ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने बदलला, गाभा तोच राहिला. त्यातल्या दोन गोष्टी इथं महत्त्वाच्या. मुलगा-मुलगी भेद नाही; निम्मी मिळकत मुलांना द्यावीच लागते, बेदखल करायला फारसा वाव नाही. आणि लग्न झालं की वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक. स्थावर विकायचं तर दोघांची सही. स्त्रियांना हक्क देणारा हा कायदा बाकीच्या देशाने शंभर वर्षं उशिरा शिकला, ह्याचा मला अभिमानच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की तीन पिढ्यांत एका घराचा फणस होतो. गरे सगळ्यांचे, चीक एकाच्या हाताला.

घर बायच्या वडिलांच्या नावावर. सिटी सर्व्हेच्या कागदावर, चलता क्रमांक अमुक, पी. टी. शीट तमुक, आजही त्यांचंच नाव आहे, तेही स्पेलिंग चुकवून. त्यांना चार मुलं. थोरला १९६२ मध्ये लिस्बनला गेला. दुसरा नैरोबीला, तिथून टोरँटोला. एक मुलगी मुंबईत अविवाहित वारली. चौथ्या बाय. आता थोरल्याची विधवा, तीन मुलं आणि त्यांचे जोडीदार. दुसऱ्याची विधवा, चार मुलं आणि त्यांचे जोडीदार. बायच्या एका मुलीचं जोडपं, दुसरी वारली तिचा नवरा, दोन मुलगे, एक सून. वकिलाने बोटं मोजून आकडा सांगितला: बावीस सह्या. त्यातले दोघे इंग्लंडात स्विंडनला आहेत, एकाचा पत्ताच नाही, आणि टोरँटोचे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

वाटणी करायची तर कोर्टात इन्व्हेंटारियो दाखल करायचा. एक वारस 'काबेस द काझाल' होतो, म्हणजे मिळकतीची यादी करून देणारा कर्ता; मग वारसांमध्ये आपसात बोली लागते, जो जास्त देईल तो घर घेतो, बाकीच्यांना पैसे. पद्धत उत्तम आहे. पण परदेशातल्या प्रत्येकाला नोटीस, प्रत्येकाचं मुखत्यारपत्र, तिथल्या नोटरीचा शिक्का, पोर्तुगीज कागदांचं भाषांतर. बायच्या हयात मुलीने प्रयत्न केला. ती साठीची, मडगावला राहते. तीन वर्षं फेऱ्या मारल्या आणि एक दिवस खाली आमच्याकडे चहाला बसली असताना म्हणाली, "भाऊ, हांव आतां बसतां." मी आता बसते. तिथंच तो विषय बसला.

आणि ह्यात माझा हात स्वच्छ आहे असंही नाही. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आमचं भाडं गोठवलं. मध्यंतरी आपखुशीने वाढवत नेलं तरी आज आम्ही जे देतो त्यात वर्षाला कौलांची एक रांगसुद्धा येत नाही. भाडेकरू सोडत नाही, मालक दुरुस्त करत नाही, दुरुस्त करायला गेलं तर "इतर सहमालकांची ना-हरकत आणा" असं कचेरीत सांगतात. मी स्वतःच्या खर्चाने वासे बदलायचा अर्ज केला होता. खिडकीतल्या बाईंनी सौम्यपणे विचारलं, "तुम्ही कोण?" पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला मी, जन्मापासून ह्या घरात राहणारा, ह्या प्रश्नाचं सरकारदरबारी चालेल असं उत्तर देऊ शकलो नाही.

म्हणून मी म्हणतो की आपण वारसा वारसा म्हणतो आणि वारसांचा विषय निघाला की विषय बदलतो. ही घरं रंग उडाल्याने पडत नाहीत; सह्या न जमल्याने पडतात. पाच-सात पावसाळे छपराकडे कुणी पाहिलं नाही की मधला वासा बसतो, मग भिंतीच्या माथ्यावर पाणी, मग चिरा पुन्हा माती होतो. आणि ह्याच वेळी तो टॅबवाला मुलगा येतो. त्याच्यामागे असलेल्या माणसाला बावीस सह्या गोळा करणं परवडतं. तो विमानाने लिस्बनला जाऊन येतो. घर सुटतं, सुंदर रंगतं, दारावर निळ्या फरशीत 'काझा' काहीतरी लिहिलं जातं. बहुधा ते नाव त्या घरात कधीच नव्हतं. बायच्या घराचं काही नाव नव्हतं. पोस्टमन 'पियानोवाली बाय' म्हणून पत्र टाकायचा.

गिरगावातल्या खोताच्या वाडीचीही अशीच पडझड झाली, पण तिथं नावात तरी खोत राहिला. ज्याने जमीन विकली तो पाठारे प्रभू आणि ज्यांनी घेतली ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती, दोघांचा व्यवहार नुसतं नाव उच्चारलं तरी कळतो. फोंताइन्हासच्या नावात झर आहे, माणूस नाही.

मला काय हवं ते सांगतो. पहिली गोष्ट, प्रत्येक घराची मालकांची आणि राहणाऱ्यांची यादी. कागद आहेत. पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीतले डिस्क्रिप्शन नंबर, घरपट्टीची मात्रिज, नोटरींची जुनी बाडं, इन्व्हेंटारियोची दप्तरं, पुराभिलेख खात्यातले मोडी कागद, चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं. हे सगळं वेगवेगळ्या कपाटांत आहे आणि ते वाचू शकणारी माणसं झपाट्याने कमी होताहेत. एक पोर्तुगीज वाचणारा, एक मोडी वाचणारा, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी कोंकणीत बोलू शकणारी दोन पोरं, एवढ्यांनी दोन-तीन वर्षांत हे होण्यासारखं काम आहे. यादीत मालक तर यावेतच, पण भाडेकरू, लोजांत राहिलेले नोकर, आगाशीत कपडे शिवणारा शिंपी, चिरे बसवणारा मेस्त, ज्याचं ज्याचं नाव मिळेल तो.

दुसरी गोष्ट जास्त वादाची. संवर्धन क्षेत्रातल्या घराचं छप्पर आणि भिंत दुरुस्त करायला कुठल्याही एका सहमालकाची, आणि तो न मिळाल्यास राहत्या भाडेकरूची, एक सही पुरावी. खर्च सरकारी निधीतून कर्जाऊ मिळावा आणि तो बोजा म्हणून घरावर चढावा. घर जेव्हा केव्हा विकलं किंवा वाटलं जाईल तेव्हा आधी तो फिटेल. वाटणी वीस वर्षं चालू दे. पावसाला वाटणीशी देणंघेणं नाही.

ह्यावर आक्षेप येतात, आणि ते मी घरातच ऐकले आहेत. बायची मुलगी म्हणाली, "भाऊ, तुमकां सही दिली म्हणजे उद्या तुम्ही घरच घेतलें." तिची भीती खोटी नाही. गोव्यात मुंडकारांसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठी, कायदा झाला तेव्हापासून प्रत्येक भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, पोटात हा गोळा आहे. म्हणून दुरुस्तीच्या अर्जावरच लिहिलं पाहिजे की ह्या सहीने कसलाही नवा हक्क उत्पन्न होत नाही. मी पहिल्या दिवशी त्यावर सही करीन. दुसरा आक्षेप खासगीपणाचा: आमच्या घराण्यात कोण कर्जबाजारी झालं, कुणी कुणाला वगळलं, हे चव्हाट्यावर कशाला? हाही बरोबर. १९६१ पर्यंतची यादी सर्वांना खुली ठेवा, त्यापुढची फक्त वारसांना आणि कोर्टाला. तिसरा आक्षेप आमच्या बाजूचा, आणि तो ऐकून मला जरा लाज वाटली. एक स्नेही म्हणाले, मराठी माणसाने त्यांच्या घरांसाठी कशाला लिहावं? 'त्यांच्या' हा शब्द तेवढा कानात राहिला. चिंचोळ्या गल्लीत दोन घरांना मधली भिंत एकच असते. तिच्या अलीकडे पियानो आणि पलीकडे हरिपाठ, असं मी लहानपणी रोज ऐकलंय. त्या भिंतीचा मालक कोण, हे सिटी सर्व्हेलाही ठरवता आलेलं नाही. कागदावर 'सामायिक' लिहिलंय.

सरकारी मदत फुकट्यांना जाईल, असंही कुणी म्हणेल. जाईल थोडी. शहर सुंदर करण्याच्या नावाखाली गेल्या काही वर्षांत पणजीचे रस्ते किती वेळा खणले आणि किती वेळा बुजवले, ते आठवून मग ह्या खर्चाचा हिशेब करावा.

परवा जून लागला. पहिल्या सरीला जिन्यावर गळायला लागलं, तिथं मी निळं प्लास्टिक बांधलं. रस्त्यावरून ते दिसतं. दुसऱ्याच दिवशी कॅमेरा गळ्यात घातलेली एक बाई दारात आली आणि फार गोड आवाजात विचारलं, ते प्लास्टिक दोन मिनिटं काढता येईल का, फ्रेममध्ये येतंय. आत जाऊन मी मडगावला फोन लावला. बायच्या मुलीला म्हटलं, अर्ज पुन्हा करू या का, एकवीस राहू देत, तू एक सही दे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "पियानोचेर गळता?"

गळत होतं. मी हो म्हटलं.

"फाल्यां येतां," ती म्हणाली. उद्या येते.